जानूकाकांची वाया गेलेली सकाळ

मंगळवार, १८ फेब्रुवारी

पाम बीच रोडच्या टॉवरमधले सुधीरसर आज चालत घरी गेले! परवा चहा पिताना हातातून कप पडला, तोंड वाकडं झालं. बायकोने तसंच गाडीत घालून आणलं. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन वेळेत गेलं. त्याच संध्याकाळी त्यांनी माझं बोट घट्ट दाबून दाखवलं. बायको म्हणाली, "सिस्टर, तुम्ही देव आहात." देव कसली! वेळेत आले, बस.

गुरुवार, २० फेब्रुवारी

ड्युटी संपवून मोबाईल बघितला. जानूकाकांच्या प्रितेशचा मेसेज – भावनी, बाबांना पॅरालिसिस, सरकारीत आणलंय. आत्ता सांगतोय!

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

काल पुढचं लिहवलं नाही.

काल सकाळी दिवाळे गावच्या जेट्टीवर होडी बांधताना जानूकाकांच्या हातातून दोर सुटला. जीभ जड झाली. घरी आणून कमळीकाकीने तेल चोळलं. तेल! प्रितेश तळोज्याला कामावर. तो आला तेव्हा कुठे हॉस्पिटल. तिथलं स्कॅनचं मशीन बंद – बाहेरून काढून आणा. काढून आणेपर्यंत इंजेक्शनची वेळ टळली. "आता देऊन उपयोग नाही," डॉक्टर म्हणाला. खोटं नाही बोलला. म्हणून तर जास्त संताप येतो.

बाबा गेल्यावर याच काकांनी मला वाढवलं, नर्सिंगला घातलं. मी काम करते ते प्रायव्हेट हॉस्पिटल दिवाळ्यापासून रिक्षाच्या अंतरावर. रोज हेच पेशंट बघते मी!

"मला फोन का नाही केलास? आमच्याकडच्या डिपॉझिटचं बघितलं असतं ना मी!"

काकीने पदर तोंडाला लावला. वॉर्डात सगळ्यांसमोर ओरडले तिच्यावर.

रविवार, २३ फेब्रुवारी

काका गेले. पहाटे.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

ड्युटीवर हजर. आज नेमकं मोठ्या सरांचं लेक्चर – शहरात स्ट्रोकचे मृत्यू कसे कमी होतायत. पडद्यावर रेघ खाली खाली जाणारी. सगळे माना डोलावतायत.

राहवेना. उठले. "कुणाचे कमी होतायत सर? टॉवरमधल्यांचे की गावठाणातल्यांचे?"

सर म्हणाले, "गावठाणात अवेअरनेस कमी आहे, सिस्टर. लोक उशिरा येतात."

अवेअरनेस! बंद मशीनला कोण अवेअर करणार? पण हे बोलले नाही. बसले खाली. मेट्रन बाहेर म्हणाल्या, "टेन्शनमध्ये आहेस. सुट्टी घे थोडी." सुट्टी घेऊन काय करू? भिंतीकडे बघत बसू?

आणि खरं सांगायचं तर सरांपेक्षा काकीचाच राग येतोय. घरात नर्स असून ही बाई तेल चोळत बसली. सर म्हणाले तशीच! हेच सहन होत नाही.

शनिवार, १ मार्च

काकीचा फोन आला. उचलला नाही.

मंगळवार, ४ मार्च

दहावा झाला. पाहुणे पांगल्यावर काकी जवळ येऊन बसली. माझ्याकडे न बघता बोलली –

"मी लावत व्हती तुला फोन. त्यांनीच हात धरला माजा. तवा थोरं बोलता येत व्हतं. म्हनले, भावनीला नको सांगू. पोर पैशासाठी सायबांच्या पाया परंल. मना ते न्हाई बघवनार."