आत्ता गळत नाही

३ फेब्रुवारी, सकाळी ७.१०

गाडीखाली पुन्हा डाग. काल बशीएवढा होता, आज ताटलीएवढा. पेट्रोलची टाकी गळते आहे यात शंका उरलेली नाही. दादा तर तिला आता गाडी म्हणतच नाही, ठिबक सिंचन म्हणतो.

परिस्थिती अशी. गाडी माझ्यापेक्षा एकवीस वर्षांनी मोठी. बाबांनी आजवर तिला कुणा मेकॅनिकचा हात लागू दिलेला नाही. पण गेल्या आठवड्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि आता महिनाभर वाकायला बंदी. आरटीओत पासिंग आहे २६ तारखेला. नापास झाली तर काय, ते दादानं ठरवून टाकलंय. भंगारवाल्याचा नंबर त्यानं फ्रिजवर चिकटवलाय. 'नुसता नंबर आहे गं, चावत नाही,' म्हणतो.

नाश्त्याला बाबांनी विचारलं, 'तू करशील?' मी हो म्हटलं. हे हो मी पूर्ण विचारांती म्हटलं, त्यांचा चेहरा बघून नव्हे.

रविवारपर्यंत काम संपवायचं. फार तर सोमवार.

५ फेब्रुवारी, दुपारी

जॅक लावला. जॅकवर विश्वास नाही म्हणून विटा लावल्या. विटांवर विश्वास नाही म्हणून आईला शेजारी उभी केली. मग आत सरकले.

टाकी म्हणजे दोन पसरट डबे, एकावर दुसरा पालथा घालून जोडलेले. त्या मधल्या जोडाला ओल आहे. तिथून थेंब ओघळून खाली पडतो. बाबा पोर्चमध्ये खुर्ची टाकून काळ्या चष्म्यातून मार्गदर्शन करत होते. म्हणाले, 'कपड्याचा साबण घास. तात्पुरतं थांबेल.' मी पंचेचाळीस मिनिटं घासला. थांबलं!

बाबा 'शाबास' म्हणाले. चौथीपर्यंत त्यांनीच मला घरी जेवणाच्या टेबलावर शिकवलं. त्या सगळ्या वर्षांत शाबास दोनदा. हे तिसरं.

६ फेब्रुवारी

सकाळी ६.३०. पुन्हा ताटलीएवढा डाग. बाबा झोपलेत. झोपेतून उठवून असं काही सांगू नये.

९.००. बाबा नाश्ता करताहेत. खाताना तर नकोच.

११.००. बाबा शेजारच्या काकांशी माझ्याबद्दल बोलताहेत. मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालू नये, असं त्यांनीच शिकवलंय.

९ फेब्रुवारी

मूळ कारण गंज. कारणावरच घाव घालायचा ठरवलं. सगळं पेट्रोल कॅनमध्ये काढलं, कॅन मागच्या अंगणात झाकून ठेवले. 'ज्वलनशील' अशा तीन पाट्या केल्या. एक कॅनवर, एक फाटकावर, एक शेजारच्यांच्या फाटकावर. शेजारच्या काकूंनी त्यांची काढून आणून दिली.

स्वयंपाकघराची खिडकी त्याच अंगणात उघडते, त्यामुळे गॅस पेटवायला मी मनाई केली आहे. दोन दिवस ब्रेड, काकडी, केळी. आई म्हणाली, 'टाकी तुझी आणि उपाशी आम्ही?' दादा जेवायला मित्राकडे गेला, तो अजून तिथेच आहे.

तारेच्या ब्रशनं जोड घासला. मग पॉलिशपेपरनं. सकाळी भोक एक होतं, दुपारी चार. ती आधीपासून असणारच, मी फक्त उजेडात आणली. बारकाईनं काम करण्याचा हा फायदा. आणखी असतील तर आत्ताच कळलेली बरी, म्हणून आणखी घासलं. नऊ.

घासणं थांबवलं आहे. भीतीनं नाही, पॉलिशपेपर संपला.

११ फेब्रुवारी

भोकं बुजवायला दोन रंगांची लांबी, म्हणजे पुट्टी, आणली. दोन्ही कालवून लावायची, मग ती दगडासारखी होते. पाकिटावर लिहिलंय, 'रंग एकसारखा होईपर्यंत मळा.' मी मळत राहिले. कुठेतरी एक पांढरी रेघ दिसायचीच. ती गेली तेव्हा लांबी माझ्या हातातच दगड झाली होती. माझ्या बोटांचे ठसे त्यात फार स्पष्ट आले आहेत.

आणखी दोन पाकिटं. पुन्हा तेच. आणखी तीन. हार्डवेअरवाला म्हणाला, 'ताई, घर बांधताय का?'

१२ फेब्रुवारी

शेवटी रेघांसकट लावली. मनाला पटलं नाही. म्हणून त्यावर आणखी एक थर दिला, त्या थराला आधार म्हणून तिसरा. आता टाकीच्या पोटावर फुगवटा दिसतो. मजबुतीचं लक्षण.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळी

टाकी भरली. थेंब. घड्याळ लावून बघितलं: चाळीस सेकंदांना एक. पूर्वी मोजलेलं नव्हतं, त्यामुळे प्रगती आहे की नाही हे सांगता येत नाही. असावी.

एवढ्यात बाबांनी खुर्चीतून विचारलं, 'थेंब पडतोय का गं?' मी वाकून पाहिलं. नुकताच एक पडून गेला होता. म्हटलं, 'आत्ता नाही.'

हे वाक्य शंभर टक्के खरं आहे. मी ते तीनदा तपासलं.

चौथं शाबास. जेवण गेलं नाही. पेट्रोलच्या वासानं असेल.

१७ फेब्रुवारी

शोध लागला! टाकी निम्म्याच्या खाली ठेवली तर पेट्रोल जोडापर्यंत पोचतच नाही. मग गळणार कुठून? रात्रभर खाली वर्तमानपत्र ठेवलं होतं. कोरडं. म्हणजे टाकी दुरुस्त झाली आहे. फक्त भरायची नाही.

आईला सांगितलं. ती म्हणाली, 'म्हणजे भोक पडलेली बादली पण चांगलीच म्हणायची.' आईला तांत्रिक बाबी समजत नाहीत. मग म्हणाली, 'बाबांना सांगितलंस?' मी म्हटलं, योग्य वेळी.

२१ फेब्रुवारी

बाबांनी डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगितलं. औषधाच्या दुकानात सांगितलं. आज त्यांचे ऑफिसातले दोन जुने मित्र आले, तर मला पोर्चमध्ये बोलावून म्हणाले, 'सांग यांना, नऊ भोकं कशी बुजवलीस.' मी सांगितलं. कशी बुजवली एवढंच. बुजली का, ते कुणी विचारलं नाही.

त्यातला एक म्हणाला, 'मुलीनं नाव काढलं हो.' बाबा नुसते चष्मा पुसत बसले. डॉक्टरांनी डोळ्यांना पाणी लागू द्यायचं नाही म्हणून बजावलंय.

ठरलं. पासिंग झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं सांगायचं. त्याआधी सांगितलं तर त्यांच्या डोळ्यावर ताण येईल. डॉक्टर ताण म्हणाले ते खोकण्याबद्दल होतं, पण तत्त्व एकच.

२५ फेब्रुवारी

तयारी पूर्ण. पेट्रोल पाच लिटर, जोडाच्या बरंच खाली. लांबीवर काळा रंग मारला, फक्त दिसायला बरं म्हणून. गाडी मी चालवणार, बाबा शेजारी बसणार. मी पूर्ण शांत आहे. नखं आधीच संपली होती.

२६ फेब्रुवारी, दुपारी २.००

घडलं ते क्रमानं लिहिते.

इन्स्पेक्टर चांगले होते. दिवे, हॉर्न, ब्रेक, सगळं ठीक. टॉर्च घेऊन खाली वाकले, टाकी पाहिली, कोरडी. पेन काढलं. बाबा म्हणाले, 'टाकी हिनं स्वतः केली बरं का, घरी.' इन्स्पेक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, 'अरे वा. आमच्याकडे मेकॅनिकसुद्धा इतकं नीट करत नाहीत.'

तेव्हा मी म्हटलं, 'साहेब, ती गळते.'

ते पुन्हा वाकले. म्हणाले, 'कुठे? कोरडी आहे.' मी म्हटलं, 'आत्ता नाही गळत. भरल्यावर गळते. मी मुद्दाम निम्म्याच्या खाली ठेवली आहे.' ते म्हणाले, 'मग भरू नका.' मी म्हटलं, 'पण कधीतरी कोणीतरी भरेल ना.' मागे रांगेत दहा गाड्या. टेम्पोवाला ओरडला, 'ओ ताई, तुम्हाला पास व्हायचंय की नापास?'

मी काळा रंगही सांगितला. रेघाही सांगितल्या. नऊतली आठ भोकं बहुतेक मीच पाडली, हेही. इन्स्पेक्टरांनी पेनाला टोपण लावलं.

नापास. पंधरा दिवसांची मुदत, टाकी माहितगाराकडून दुरुस्त करून आणायची. तोवर गाडी रस्त्यावर चालवायची नाही, म्हणून टोइंगवाल्याच्या ट्रकमधून परत आलो. तीन सीट. ड्रायव्हर, बाबा, मी.

अर्ध्या वाटेत बाबा म्हणाले, 'त्या माणसाला सांगितलंस. मला का नाही सांगितलंस? मी काय इन्स्पेक्टरपेक्षा कडक आहे?'

आता खोटं बोलायचं नाही असं मी मघाशीच ठरवलं होतं, म्हणून मी हो म्हटलं.

पुढच्या सिग्नलला ड्रायव्हरनं रेडिओ लावला आणि लगेच बंद केला.

२७ फेब्रुवारी

बाबा माझ्याशी नेहमीसारखं बोलताहेत. म्हणजे पेपरातल्या बातम्या सांगताहेत. मला त्या ऐकू येतात, कळत नाहीत.

दादा मित्राकडून परत आला. फ्रिजवरचा नंबर त्यानं काढला. मी विचारलं, का? म्हणाला, 'बाबांनी सांगितलं, फ्रिज खराब दिसतो.'

१ मार्च

रेडिएटरची भोकं धातू वितळवून झाळणारा कारागीर बाबांनी स्वतः घरी बोलावला. परका हात. त्यानं वीस मिनिटांत टाकी उतरवली. मला टाकी धरून ठेवणाऱ्या पट्ट्याचा एक नट ढिला करायला चार दिवसांनंतरही जमलं नव्हतं. (हे मी आधी लिहिलं नव्हतं. आता लिहिलं.)

टाकी त्यानं उन्हात पालथी घातली आणि बघतच राहिला. छिन्नीनं लांबीवर टकटक केलं. एका जागी बोटांचे ठसे होते, त्यावर स्वतःचं बोट ठेवून पाहिलं. म्हणाला, 'चाळीस वर्षं हे काम करतोय, पण असला प्रकार नाही पाहिला. झाळायच्या आधी हे सगळं फोडायला मला दोन दिवस लागतील. कुणी केलंय हे?'

बाबा म्हणाले, 'मी.'

मी तोंड उघडलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

कारागीर पाच मिनिटं बाबांना बोलत होता. वयाचा मान ठेवून बोलत होता, पण बोलत होता. साहेब, येत नसेल तर हात घालू नये. साहेब, पेट्रोल आहे, खेळ नाही. बाबा मान हलवत होते. 'चुकलं,' म्हणाले. 'पुन्हा नाही करणार.'

मी मध्ये एक शब्द बोलले नाही. फार अवघड गेलं.