नाचणी पहिली

३ नोव्हेंबर, सोमवार
नवीन खोक्याच्या मागच्या बाजूचा मजकूर आज माझ्या टेबलावर आला. नाचणी फ्लेक्सचाच. सुहास सर म्हणाले, रेसिपी थोडी बदललीय, लेबल तेच ठेव, फक्त सही कर.
थोडी! बॅच शीट काढून पाहिलं. शंभरात चोवीस नाचणी होती, आता अकरा. मका वाढलाय, साखर वाढलीय. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे असतात — जे जास्त ते आधी. म्हणजे नाचणी गेली खाली. खोक्यावर मात्र पहिली, आणि समोर नाचणीच्या कणसाचं भलंमोठं चित्र.
उद्या बघते म्हटलं.

४ नोव्हेंबर
परत उद्या म्हटलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार
मी तरी कुठे स्वच्छ आहे? दोन वर्षांपूर्वी पहिलं लेबल मीच लिहिलं. साखर चार नावांत वाटून टाकली — साखर, ग्लुकोज सिरप, गूळ पावडर, मध. एकेक वेगळं, म्हणून एकेक खाली. बेरीज केली असती तर साखरच पहिली आली असती. नियमात बसत होतं. सरांनी कौतुक केलं. मला ते आवडलं, हे इथे तरी लिहून ठेवते.

९ नोव्हेंबर, रविवार
गावी आलेय. आबा हल्ली सकाळी भाकरी खात नाहीत. आमच्याच खोक्यातलं वाटीभर, दुधात. ते खोके मीच आणून देते, कंपनीतून मिळतात म्हणून. स्वतः उतारावर पिकवलेली नाचणी कणगीत पडून, आणि खातात हे! शेजारच्या मंजुळाकाकीला सांगत होते, माझ्या पोरीच्या कंपनीचं हाय.
पाय बधिर पडतो म्हणाले. उद्या महाडला डॉक्टरकडे नेते.

१० नोव्हेंबर
उपाशीपोटी साखर तीनशे बारा.
डॉक्टरांनी विचारलं, सकाळी काय खाता. आबांनी पिशवीतून खोका काढून टेबलावर ठेवला. दाखवायला म्हणून मुद्दाम आणला होता. डॉक्टरांनी मागचं एकेक नाव मोठ्यानं वाचलं आणि हे बंद करा म्हणाले.
"बंद कशाला?" आबा म्हणाले. "माझ्या लेकीनं लिवलंय ते. वरतीच नाचणी लिवलीय, बघा."
डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी आबांच्या चपलांकडे बघत बसले.

१२ नोव्हेंबर, बुधवार
सही करणार नाही, असं सरांना सांगितलं. रागावले नाहीत — तेच वाईट. बस म्हणाले. सोमवारपर्यंत विचार कर, नाहीतर महिपती करेल सही. महिपती माझ्या शेजारच्याच टेबलावर बसतो, मान वर न करता. मग म्हणाले, पहिल्या लेबलावर सही तुझीच आहे, विसरू नकोस.
म्हणजे राहिले तरी अडकले, गेले तरी अडकले. पुण्यात नोकरी मिळेलही. पण आई जाऊन सहा वर्षं झाली, आबांचा पाय असा. त्यांच्या गोळ्या कोण बघणार?

१४ नोव्हेंबर
आबांचा फोन. खोके बंद केले का विचारलं. केले म्हणाले. उरलेले दोन मंजुळाकाकीच्या नातीला देऊन टाकले. "पोर बारीक हाय गो. खाईल रोज."
मी बरं म्हटलं. बरं!

१७ नोव्हेंबर, सोमवार
सर दिवसभर बाहेर. छापखान्याला फाईल आजच पाठवायची होती. महिपतीला म्हटलं, मी करते सही. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला.
यादी नव्यानं लिहिली. साखरेची चारही नावं एकत्र केली. साखर, मका, तांदूळ, मग नाचणी — अकरा टक्के. समोरचं कणीस काढून टाकलं. खाली सही, पूर्ण नावानं. पाठवली.
परतीच्या वाटेवर दोनदा वाटलं, फोन करून थांबवावं.

२४ नोव्हेंबर, सोमवार
खोके छापून आले. सरांनी सगळ्यांना गोळा करून विचारलं, ही चूक कोणाची.
"ही चूक नाही, सर," मी म्हटलं. "दोन वर्षांपूर्वीची होती. ती माझी."
ओळखपत्र टेबलावर ठेवून निघाले. पोलादपूरच्या एसटीत बसलेय. आधी मंजुळाकाकीकडे जाते, मग घरी.