दारापर्यंतची नजर

पॉट्सडाम, ७ मे १७७४

ती. आईस,
दूरच्या लेकीचा वाकून नमस्कार. वि. वि.

योखेमला पलटणीत नेल्याचं कळल्यापासून शिवणाचे टाके चुकतायत. घरात नांगर धरणारा माझा एकुलता एक भाऊच गेला तर शेताचं काय? उद्या सकाळी मी राजवाड्यासमोरच्या लिंडनच्या झाडाखाली त्याच्या सुटकेचा अर्ज उंच धरून उभी राहणार आहे. महाराजांच्या खिडकीतून ते झाड दिसतं. मालकीणबाई म्हणतात, सरदार ताटकळले तरी चालतील, पण झाडाखालच्या माणसाचा कागद महाराज लगेच मागवून घेतात. केवढं हे मन.

तू मास्तरांकरवी कळवलंस, आईला पुरती आंधळी लिही, लेखणी तुझ्याच हातात आहे. आई, ते जमलं नाही. मी लिहिलंय की उजवा डोळा गेला, डाव्याने दारापर्यंत दिसतं, पुढचं शेत दिसत नाही. घरात पहिली मी शिकले, आणि महाराजांना पहिलाच कागद खोटा देऊ? पण या खरेपणापायी योखेम अडकला तर, या भीतीने अर्ज पुन्हा पुन्हा वाचतेय.

लोभ असू दे. राग आला तर तोही लिहून पाठव.

तुझी,
रेगीना

हागेनडॉर्फ, १९ जून १७७४

चि. रेगीना हिला,
पोटभर आशीर्वाद. मास्तर लिहितायत, म्हणून शिव्या कमी घालते.

तुझं पत्र ऐकताना माझी लापशी करपली. म्हटलं, पोरीला शाळेत घालून आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

गेल्या आठवड्यात महाराजांनी पाठवलेला अधिकारी दारात येऊन उभा राहिला. तो बोलायच्या आत माझ्या तोंडून गेलं, “साहेब, तुमचं बटण लोंबतंय.” मास्तरांनी कपाळाला हात लावला. अधिकाऱ्याने तुझा अर्ज काढून वाचला, कुंपणापाशी गेला आणि तिथून विचारलं, माझ्या हातात काय आहे सांगा. मला तर तो माणूसच दिसेना. परत येऊन म्हणाला, “बाई, आंधळी लिहिलं असतं, तर मुलगा आज गमावला असतात.”

शेजारीण याला नशीब म्हणते. मी म्हणते, एवढं राज्य सांभाळून एका म्हातारीचा डोळा तपासायला माणूस धाडणारा राजा लागतो. आणि त्याला खरं कळवणारी पोरही. बटण मी चाचपून शिवून दिलं.

तुझ्यावरचा राग मागे घेते. लोभ होता तिथेच आहे.

आज योखेम पलटणीतून सुटून आला. कुंपणापासून हात हलवत होता म्हणे, मला कुठला दिसायला. मग दारात येऊन उभा राहिला. दारापर्यंतच दिसतं गं, पण तेवढं पुरलं.

तुझी आई