वेढे मोजताना गायचं नाही

अण्णा, परवा नेवाशाजवळच्या एका गावात मी तुमच्याबद्दल खोटं बोललो. सप्ताहाची सांगता होती. तिथल्या भजनी मंडळाच्या दोन पेट्या मी दुरुस्त करून दिल्या होत्या, म्हणून त्यांनी बोलावून टोपी-उपरणं दिलं, नारळ दिला आणि माईक पुढे केला. मला बोलायची सवय नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. एकानं विचारलं, हे काम कुणाकडून शिकलात? मी म्हणालो, कुणाकडूनच नाही. वडिलांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं, त्यांना माझं पेटीचं वेड पसंत नव्हतं, ते गेल्यावरच मला या कामाला हात लावता आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरच्यांनी अडवलं आणि तरी हा पुढे आला, असं काही ऐकलं की लोकांना बरं वाटतं. हे मी पहिल्यांदा बोललो असंही नाही. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली, त्यातली निदान वीस वर्षं मी हेच सांगत आलोय. परवा मात्र पंगतीत एक म्हातारे गृहस्थ माझ्या शेजारी येऊन बसले, आमटीचा भुरका मारता मारता म्हणाले, "तुझ्या बापाकडं मी मोटर आनायचो बेलापूरला. त्यो आडवनारा मानूस न्हवता." मी हसून वेळ मारून नेली. पण तेव्हापासून जेवण गोड लागत नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

तुमचं दुकान आता आठवतं ते वासानं. वार्निशचा वास, जळालेल्या तारांचा वास, आणि पत्र्याखाली तापलेल्या लोखंडाचा. दारात मोटरी ओळीनं पडलेल्या असायच्या, कुठली सायकलवर बांधून आणलेली, कुठली टेम्पोतून उतरवलेली. मोटर जळाली म्हणजे शेतकऱ्याचा जीव टांगणीला, त्यामुळे आपल्याकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक घाईतच असायचं. तुम्ही मात्र कधी घाई केली नाही. आधी मोटरीला हात लावून बघायचात. चालू असली तर लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला टेकवायचं आणि मूठ कानाशी धरायची. "आयक," म्हणून मला तोच ड्रायव्हर द्यायचात. मी डोळे मिटून सांगायचो, पुढचं बेअरिंग गेलंय, मागचं अजून वर्षभर चालेल. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. मग तुम्ही मला काही म्हणायचा नाहीत, गिऱ्हाइकाला म्हणायचात, याला इचारा, याचा कान माझ्यापेक्षा चांगला हाय. माझं कौतुक तुम्ही नेहमी दुसऱ्याला सांगितलं. मला वाटायचं, मलाच सांगायला काय होतंय यांना.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि दोन डगरींवर पाय ठेवून उभा होतो. दिवसभर वाइंडिंग, संध्याकाळी मारुतीच्या देवळात भजन. तिथे मी पेटी वाजवायचो. आज पन्नाशीच्या या टोकाला मोकळेपणानं सांगतो, मी फार चांगला वाजवत नव्हतो. बोटं जड होती, बुवांनी लय वाढवली की मागे पडायचो. वाइंडिंगमध्येही तुमच्या पासंगाला पुरलो नसतो, कारण लक्ष टिकत नव्हतं. दोन्हीकडे अर्धामुर्धा. पण तेव्हा मला वाटायचं की मी मोठा वादक होणार आहे आणि हे दुकान माझ्या पायात आहे. संध्याकाळी साडेसहाला तुम्हीच म्हणायचात, जा आता, लोक खोळंबले असतील, हातातलं काम मी आवरतो. हे मी कुठल्याही सत्कारात सांगितलेलं नाही.

सांगतो ती एकच गोष्ट, राहात्याच्या मोटरीची. तीही अर्धी. तार गुंडाळताना वेढे मोजायचा मला कंटाळा यायचा, म्हणून मी एक युक्ती काढली होती. अभंगाचं एक चरण संथ लयीत म्हटलं की आठ वेढे व्हायचे. आकडे मोजायचे नाहीत, चरणं म्हणायची. महिनाभर हे छान चाललं. पण भजनात एखादी ओळ गोड लागली की माणूस ती घोळवतो, पुन्हा धृपदावर येतो, ती सवय हातात नसली तरी गळ्यात असतेच. राहात्याच्या त्या मोटरीच्या वेळी मी अशीच एक ओळ दोनदा घेतली. हात थांबले होते आणि गळा चालू होता, आणि हिशेबात मी ते चरण धरून टाकलं. एका गुंडाळीत आठ वेढे कमी भरले. मोटर आपल्या दुकानात सुरळीत फिरली, वार्निश वाळलं, मालक घेऊन गेला, आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर तासाभरात तिच्यातून धूर निघाला.

तो शेतकरी बायकोला घेऊन परत आला. भांडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता पायरीवर बसला आणि म्हणाला, परवाच कांद्याची लागण केली, अजून पाणी न्हाई. तुम्ही मोटर उघडली आणि जळालेली तार एकेक वेढा मोजत उलगडली. मी समोर उभा होतो. तिसऱ्या गुंडाळीशी तुम्ही थांबलात, वर बघितलंत आणि विचारलंत, बरोबर आठच कसे कमी? मी खरं ते सांगितलं. मग आपल्या विहिरीवरची मोटर खोलून आणायला मला पाठवलंत, ती त्या माणसाच्या टेम्पोत चढवलीत. आपल्या रानातला लसूणघास त्या आठवड्यात वाळला, गाईला विकतचा चारा घातला. टेम्पो गेल्यावर तुम्ही म्हणालात, "त्या मानसाचं रोप तुझ्या गान्यापायी वाळत हुतं. वेढे मोजताना गायचं न्हाई." लोकांना मी इथपर्यंतच सांगतो. लोक मान डोलावतात. पुढे तुम्ही काय म्हणालात ते गाळतो. तुम्ही म्हणालात, "मोजून झाल्यावर गा की, तुला कुनी धरलंय?"

मी काय केलं? रुसलो. तेवीस वर्षांचा घोडा, आणि रुसलो. दुसऱ्या दिवसापासून देवळात जाणं बंद केलं. घरी माझी जुनी पेटी होती, ती माळ्यावर टाकली. कुणी विचारलं तर म्हणायचो, आमच्याकडं गायला बंदी आहे. तुम्हाला वाईट वाटावं, तुम्ही होऊन म्हणावं की जा रे बाबा, अशी माझी इच्छा होती. तुम्ही दोनदा म्हणालातही. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तोंडातून शब्द न काढता वेढे मोजत राहिलो, आणि कबूल करायला पाहिजे, त्या काळात माझं वाइंडिंग पहिल्यांदाच तुमच्या तोडीचं झालं. स्टेटरच्या, म्हणजे मोटरीच्या आतल्या लोखंडी कड्याच्या, अरुंद खाचेत तार बसवताना तिच्यावरचा इनॅमलचा पातळ थर खरचटू द्यायचा नाही, हे बोटांना तेव्हा कळलं. बोटं हलकी झाली. ती कशासाठी हलकी होतायत हे मला ठाऊक नव्हतं.

मग तुमची छाती भरायला लागली. डॉक्टर म्हणाले, वार्निशच्या वाफा आता बंद. घरी पडून राहायला तुम्ही तयार नव्हता, म्हणून दुकानाच्या मागच्या खोलीत खाट टाकली. तिथून तुम्ही नुसत्या आवाजावरून सांगायचात, कुठली मोटर लावलीय आणि मी काय चुकतोय. त्याच दिवसांत मारुतीच्या देवळातली मंडळी त्यांची पेटी घेऊन आली. भाता फुसफुसतो, चार-पाच सूर बोलत नाहीत, श्रीरामपूरला नेली तर महिनाभर अडकून पडेल. मी म्हणालो, हे मोटरीचं दुकान आहे. तुम्ही आतून खाटेवरूनच हाक मारलीत, "ठिवा हितं. त्यो बघंल." ते पेटी ठेवून गेले. म्हणजे पहिली पेटी तुमच्या देखत आली, तुम्हीच ती ठेवून घेतलीत. आणि मी जगाला सांगत फिरतो की तुम्ही गेल्यावर मला हात लावता आला.

तीन आठवड्यांनी तुम्ही गेलात. तेराव्यानंतर दुकान उघडलं तर पेटी तिथेच होती, झाकलेली. मंडळाचे लोक दारात आले आणि माझं तोंड बघून काही न मागता परत गेले. मला लाज वाटली, एवढ्याच कारणानं मी ती उघडली. आत बघतो तर वर्षानुवर्षांचा बुक्का, खडीसाखरेचा चुरा, मुंग्यांचं घर. ज्यांतून सूर निघतो त्या आतल्या पितळी पट्ट्यांवर काळा थर बसलेला, म्हणून सूर मुके. मी तुमच्या तार साफ करायच्या ब्रशनं एकेक पट्टी पुसली. भात्याच्या चामड्याला जिथे चीर होती तिथे पातळ कातडं लावलं. सगळं जमलं, पण एक सूर किंचित उतरलेला लागत होता. इतका थोडा, की देवळात कुणाला कळला नसता. मला मात्र तो बेअरिंगसारखा कळला. त्या पट्टीचं टोक बारीक कानसेनं केसभर घासलं, की सूर चढतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घासलं, लावून बघितलं, पुन्हा घासलं. दुपार कधी उलटली कळलं नाही. त्या दिवशी मला कंटाळा आला नाही, आणि लक्षही हललं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझे हात, माझा कान आणि माझं वेड एकाच जागी बसले होते. मी वादक होणार नव्हतो आणि नुसता वाइंडरही होणार नव्हतो, मी हे काम करणार होतो. मला रडू आलं. सांगायला तुम्ही नव्हता.

आता दुकानात मोटरी येत नाहीत. गेल्या वर्षी शेवटची परत केली, जड गेलं. कोपरगावापासून पाथर्डीपर्यंतच्या पेट्या येतात. ऊसतोडीला जाणारी मंडळी निघण्याआधी गावची पेटी माझ्याकडे टाकून जातात आणि परत आल्यावर नेतात. शिकायला एक मुलगी येते, पदवीधर आहे, तिला मी पहिले सहा महिने नुसतं ऐकायला लावलं. पट्टी घासताना ती गुणगुणायला लागली तर मी तिला गप्प करतो. तुमचंच वाक्य वापरतो, आणि पुढचा अर्धा भागही सांगतो. तेवढी सुधारणा आहे.

पण ती पेटी आली त्या दिवसाचं लिहिताना मी एक गोष्ट वर गाळली. मंडळी गेल्यावर तुम्ही उशीवर जरा सरकलात आणि म्हणालात, "वाजीव की थोडं. हायती तेवढ्या सुरांत वाजीव. लई दिस झालं आयकून." मी तुमच्याकडे न बघता म्हणालो, येळ न्हाई, गिऱ्हाईक यायचंय. कुणी यायचं नव्हतं. दुपारची वेळ, रस्ता मोकळा, मधल्या उघड्या दारातून तुम्हाला खाटेवरून सगळा रस्ता दिसत होता. तुम्ही म्हणालात, "बरं, काम कर." मी बाकावर बसून एका रिकाम्या स्टेटरशी खुडबुड करत राहिलो, हाताला काम नव्हतं तरी. थोड्या वेळानं बघितलं तर तुम्ही भिंतीकडे तोंड केलं होतं. पुढे तीन आठवडे होते अण्णा, रोज वाजवता आलं असतं. तुम्ही मला अडवलं असं सांगितलं, की हे कुणाला सांगावं लागत नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि घरात कुणाच्या हाती लागू द्यायचं नाही, आईच्या तर नाहीच. ती तेव्हा घरून डबा पाठवायची, दुकानात काय घडायचं ते तिला कळायचं नाही. तुम्ही गेलात त्या आठवड्यात तिनं मला विचारलं होतं, शेवटी शेवटी त्यांना काही वाजवून दाखवलंस का रे. मी हो म्हणालो. ती अजून ते लोकांना सांगते.