चौदा पिढ्या आणि एक गोल

तीर्थरूप ताई,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकणं अजून जमतं, उठताना टेबल धरावं लागतं.) तू खुशाल असशीलच असं लिहिणार होतो, पण पुढचं वाचलंस की कळेल, ते लिहायचा अधिकार मला उरलेला नाही.

गेलं वर्षभर माझी डावी चप्पल मला सोडून जाते. परवा जिन्यात निसटली ती थेट तळमजल्यावर. खालच्या बाईंनी दोन बोटांत धरून आणून दिली, "मास्तर, तुमच्या आधी पोचली हो!" वर्गातही सपाट फरशीवर ठेचकाळतो, मुलं हल्ली धातुरूपांपेक्षा माझ्या पायांकडे लक्ष देतात. शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी टाचांवर चालायला लावलं. एक पाऊलही जमलं नाही. (पन्नाशीत टाचांवर चालतं कोण, हा माझा प्रश्न त्यांनी ऐकला, लिहून घेतला नाही.) मग रक्त घेतलं आणि म्हणाल्या, आजार स्नायूंचा, नडगीपासून सुरू होणारा, घराण्यातून येणारा असावा, मोठेपणीच उगवतो, कुणाला लवकर, कुणाला उशिरा. पुढच्या वेळी घराण्याची माहिती आणा.

लाज वाटते सांगायला, मला आनंद झाला. बाबांच्या पेटीतली वंशावळ घेऊन गेलो आणि चौदा पिढ्या खणखणीत आवाजात वाचल्या. बाई पुरुषाला चौकोन काढतात, स्त्रीला गोल. कागदावर एकही गोल उमटेना. "हे सगळे जन्मले कुणाच्या पोटी?" मी म्हटलं, नोंद नाही. वर शुद्ध कुळाचा विषय काढला. तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं की दोष आई-बाबा दोघांकडून यावा लागतो. जगातले कितीतरी समाज आपापल्यातच सोयरिकी करत राहिले आणि प्रत्येकाने आपापली चूक जपली. तुमच्या समाजातली एक चूक तर समुद्रापलीकडच्या घरांतही सापडते. थोडक्यात, ज्यांच्या हातचं पाणी आजोबा प्यायले नसते, त्यांच्याशी आपलं नडगीचं नातं निघालं.

मग त्यांनी विचारलं, "सख्खी बहीण?" मी वंशावळीकडे बघत म्हटलं, "नाही."

ताई, कागदावर तू नाहीस ही सबब खोटी आहे. हो म्हटलं असतं, तर बहीण कशी चालते हा पुढचा प्रश्न होता. तुझा पाय फरफटू लागला तेव्हा तुला गजगामिनी कोण म्हणालं? (काव्यात ती स्तुती असते, हे मी तेव्हाही ऐकवलं होतं.) तुझ्या लेकीच्या लग्नात तू खुर्चीवरून उठली नाहीस, तेव्हा व्याह्यांसमोर "हिला बसून मिरवायचंय" असं कोण म्हणालं? आळस, वजन, नाटकं: सगळी निदानं माझीच, आणि एकाही तपासणीवाचून.

तुझा,
खाली मान घातलेला भाऊ

ता. क. माझा अहवाल अर्धवट आहे. एक दोष ओळखीचा, दुसरा घातक की निरुपद्रवी ते ठरत नाही. तुझ्या रक्तात दोन्ही सापडले तर ठरवायला आधार मिळेल. चुलतबहीण चालेल का, असं मी विचारून पाहिलं. सख्खीच हवी म्हणतात. येशील?

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवण्याआधी जाऊन बाईंना खरं सांगून आलो. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या चौकोनाशेजारी त्यांनी गोल काढला आणि विचारलं, "यांना त्रास कधीपासून?" माझे टोमणे सगळे तारीखवार आठवतात गं. तू पहिल्यांदा कधी पडलीस, ते मी कधी विचारलंच नाही. रक्त नाही दिलंस तरी चालेल, तेवढं मला लिही.