संस्थेसाठी ठरलेला पंप

कोइमतूर

तीर्थरूप अप्पा,

नमस्कार. मी बरी आहे. इथल्या इडलीशी आता माझं जमलंय. अव्वाचा गुडघा कसा आहे?

पत्र लिहितेय, कारण पाणीपुरवठा संस्थेच्या ऑफिसात तुम्ही फोन स्पीकरवर घेता. "माझ्या लेकीच्या कंपनीचाच पंप बसवायचा, ठरलं की!" असं परवा तुम्ही म्हणालात आणि मागची मंडळी खूश झाली. मी काम आहे म्हणून फोन ठेवला.

अप्पा, तो पंप आपल्या नदीकाठच्या जॅकवेलवर, पाणी उपसायच्या विहिरीवर, टिकणार नाही. मी कॉम्प्युटरवर त्यातून पाणी वाहवून पाहिलं. नदी भरलेली असताना झकास चालतो. पण पंचगंगेचं पाणी मे महिन्याइतकं खाली नेलं, की ओढताना आत वाफेचे बुडबुडे धरतात आणि फुटताना पंपाची पाती कुरतडतात. पुन्हा पुन्हा तपासलं, तेच आलं. ऐन उन्हाळ्यात पंप बंद पडला, तर सगळे तुमच्याच दारात येतील.

साहेबांना सांगितलंय. "ऑर्डर मोठी आहे, बघू," म्हणाले. माझ्या नोकरीची काळजी करू नका. अव्वाला मात्र एवढ्यात काही बोलू नका.

सभेत तुम्हाला शब्द मागे घ्यावा लागेल. तो एकट्यानं घेऊ नका. मला फोन लावा, आणि स्पीकर चालू ठेवा.

तुमची,
शांभवी