त्याच्यासाठी मांडलेला पाट

आये, तुला जाऊन बारा वर्षं झाली आणि मी अजून तुझ्याशीच भांडतेय. महाडच्या दवाखान्यात मला आयाचं काम लागलं, तिथल्या सिस्टरनं येशूबद्दल सांगितलं, ते दिवस आठवतात ना? सुट्टीला पोलादपुरात उतरून, डोंगर चढून घरी आले आणि चुलीपाशीच तुला म्हटलं, येशू माझा मित्र झालाय. तू फुंकणी खाली ठेवलीस. "मैतर? मंग जेवायला कधी येतोय?" मी हसले. दुसऱ्या दिवशी बघते तर पितरांना ठेवतात तसं तू कौलावर पान ठेवलेलं, नाचणीची भाकरी आणि वर सुकटीची चटणी. मी केवढी उखडले! "आये, ते पान मेलेल्यांना ठेवतात. तो जिता हाय." तू गुमान पान उतरवलंस. "जिता हाय तर पाटावर बसवू की," म्हणालीस आणि तुझ्या शेजारी पाट मांडून ताट वाढलंस, तांब्या भरून ठेवलास. पाहुण्याच्या आधी कसं जेवायचं म्हणून स्वतःच्या भाकरीला हात लावेनास. भाकऱ्या पार निवल्या. शेवटी मी रागानं त्याच्या ताटातली भाकरी उचलून गोठ्यात म्हशीपुढे टाकली. "मैतर तुझा, आन लाज बी तुलाच गो?" एवढंच बोललीस.

आता रविवारी माझा बाप्तिस्मा आहे. चर्चचे पाळकसाहेब भला माणूस, पण म्हणाले, ताई, यापुढे पितरांना पान नाही. आणि सर्वपित्री नेमकी शनिवारी. माझं डोकंच चालत नाही बघ. मित्र आहे तर तुझ्या एका पानावरून तो रुसेल कशाला? आणि रुसणारच असेल तर मग मित्र कसला? सिस्टरला विचारलं तर म्हणते, त्यालाच विचार, तो सांगेल.

हे पत्र टाकू कुठं? पिठाच्या डब्याखाली ठेवते. एक गोष्ट मात्र मी कुणाला बोललेली नाही. प्रार्थनेत सगळ्यांना वाटतं, मी त्याच्याशी बोलतेय. पण डोळे मिटले की तो रिकामा पाट दिसतो आणि शेजारी तू, न जेवता बसलेली. मग मी तुलाच विचारते, आये, आला का गो तो?